दोन हातांचं काम

त्या नवरात्रात मी जितकी चिडले तितकी नंतर कधी चिडले नाही. आणि मी मुळात काही थंड डोक्याची बाई नाही. आई माझ्याबद्दल पाहुण्यांना आधीच सांगून ठेवायची, "हिच्याशी जरा जपून बोला, राग हिच्या नाकावर बसलेला असतो."

नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. बी.एस्सी. करून मी बारामतीत एका कंप्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले होते. घर शेळगावात. सुट्टी लागली की एसटीनं घरी. क्लासच्या सरांच्या मागं लागून मी एक जुना पीसी नवरात्रापुरता घरी न्यायला मागितला. सर भले माणूस, ते हो म्हणाले. दुधाच्या टेम्पोत, रिकाम्या कॅनांच्या मधे, दोन गोधड्यांत गुंडाळून मी तो आणला. सगळा रस्ता मॉनिटर मांडीवर धरून बसले होते. गावात उतरल्यावर जो तो विचारतोय, "टीव्ही आनला व्हय?"

टीव्ही असता तर बरं झालं असतं. निदान चित्र तरी दिसलं असतं. ह्या मशीनचं बटण दाबलं की पडदा काळा, डाव्या कोपऱ्यात इंग्रजी सी, दोन टिंबं, आणि पुढं एक रेघ लुकलुकत राहायची. बस्स. त्या रेघेपुढं काय लिहायचं ते तुम्हाला आधीच ठाऊक पाहिजे. ठाऊक नसेल तर मशीन काही सांगणार नाही, विचारणार नाही, नुसतं बघत बसणार. माजघरात आबा, आई, शेजारच्या दोन काकू असे सगळे बराच वेळ त्या रेघेकडं बघत बसले. शेवटी आई म्हणाली, "सुरू कवा व्हायचं ह्ये?"

"सुरूच हाय आई."

"मग करतंय काय?"

काय सांगणार, कपाळ माझं!

हा सगळा उद्योग दादासाठी होता. माझा थोरला भाऊ. पंचक्रोशीत त्याला नावानं कुणी ओळखत नव्हतं, पेंटर म्हणायचे. ट्रॉलीच्या मागचं नाव, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, सोसायटीची पाटी, सगळं दादाचं. इंदापूरच्या एका छापखान्याला तो लग्नपत्रिकांची अक्षरं काढून द्यायचा. त्याचा 'श्री' बघून लोक विचारायचे की ही पत्रिका कुणी केली. मग आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात कडबाकुट्टीच्या यंत्रात त्याचा उजवा हात गेला. चार बोटं गेली, अंगठा राहिला. जखम भरली, पण त्या दिवसापासून तो हात पँटच्या खिशात गेला तो गेलाच. घरात असला तर त्यावर टॉवेल. जेवायला डावा, दार उघडायला डावा. रंगाचे डबे त्यानं स्वतः माळ्यावर टाकले, ब्रश त्यातच. आणि लोकांनी त्याला पेंटर म्हणायचं हळूहळू सोडून दिलं. वाईट कुणाच्या मनात नव्हतं, पण मला एकेकाच्या मुस्काटात द्यावीशी वाटायची.

भाद्रपदात छापखान्याच्या मालकांचा निरोप आला. दादा जाऊन आला तो हातात एक मोठी काळी फ्लॉपी घेऊन. मालकांनी कंप्युटर घेतला होता, त्यावर मराठी पत्रिका जुळवता येतात म्हणे. पण मशीन बसवणारा त्यात प्रोग्रॅम घालून गेला आणि मागं राहिली ती लुकलुकणारी रेघ. मालक दादाला म्हणाले होते, "तुझी भन त्यातलं शिकवती म्हनं. तिच्याकडनं शिकून ये. दसऱ्याला मुहूर्त करायचाय. जमलं तर त्या खुर्चीवर तू. न्हाय जमलं तर पुण्यावरनं मानूस आनतो. वाईट वाटून घिऊ नगंस, माझाबी धंदा हाय."

साधी सरळ गोष्ट. दसऱ्यापर्यंत जमलं तर दादा पुन्हा कामाचा माणूस होणार, नाहीतर ओसरीवर टॉवेल घेऊन बसणार. आबा बोलून दाखवत नव्हते, पण रोज संध्याकाळी मला विचारायचे, "कुठवर आलंय?" जणू काही मी विहीर खणतेय.

कुठवर येणार? आधी प्रोग्रॅमच उठेना. फ्लॉपीवरचं सगळं मशीनमध्ये उतरवलं, नाव टाइप केलं, एंटर मारलं. उत्तर आलं, बॅड कमांड. पुन्हा टाइप केलं. बॅड कमांड. मी काय वाईट बोलले होते त्याला? मग लक्षात आलं की कुठली वस्तू कुठल्या कप्प्यात ठेवलीय ते ह्या शहाण्याला आधी एका फाइलीत लिहून द्यावं लागतं, त्याशिवाय त्याला शेजारचा कप्पासुद्धा दिसत नाही. ते लिहून दिलं. मग म्हणायला लागला, मेमरी पुरत नाही. दुसरी फाइल उघडली, त्यातली एकेक ओळ काढली, बंद केला, सुरू केला. आता सुरूच होईना. काढलेली ओळ परत घातली. सुरू झाला, पण मेमरी पुरेना. दुपार गेली, दुसरी दुपार गेली. क्लासमध्ये सगळं आयतं लावून ठेवलेलं असायचं, मी फक्त पोरांना 'आता एंटर दाबा' म्हणायची. शिकवणं आणि मांडणं यात केवढा फरक असतो ते मला शेळगावात कळलं. शेवटी फाट्यावर जाऊन एसटीडी बूथवरनं सरांना फोन लावला. सर सांगतायत, मी लिहून घेतेय, आणि मागं रांगेतला एक गृहस्थ खाकरतोय, "ताई, आमची म्हैस व्यायला झालीया, जरा आटपा."

आणि वीज! वीज आली की आमच्या रानातल्या विहिरीवरची मोटर आपोआप सुरू व्हायची, कारण आबांनी तिला ऑटो बसवला होता. आबांनीच काय, सगळ्यांनीच बसवला होता. कुणी उठून बटण दाबायला जायला नको. त्यामुळं वीज आली की शिवारातल्या सगळ्या मोटारी एका दमात उठायच्या, घरातला बल्ब लाल व्हायचा, आणि माझं मशीन मान टाकायचं. पुन्हा पहिल्यापासून. मी आबांना म्हटलं, "आबा, चार दिवस ऑटो काढा ना."

"माझा एकट्याचा काढून काय हुतंय? आन् ऊस वाळला तर तुझं मशीन गुऱ्हाळात घालायचं का?"

त्यांचं खोटं नव्हतं म्हणूनच जास्त राग यायचा.

वीज आल्यावर मोटारी उठून स्थिरावेपर्यंत थांबायचं आणि मगच बटण दाबायचं, असं एकदाचं ठरलं. प्रोग्रॅम उठला. काळ्या पडद्यावर मराठी अक्षरं आली तेव्हा काकूंनी तोंडाला पदर लावला. मी लगेच एक छोटी फाइल करून ठेवली. दादानं फक्त एक अक्षर दाबायचं आणि एंटर, की सगळं आपोआप. मला वाटलं, दादा खूश होईल.

दादा म्हणाला, "तितं तुझी फाइल असंल का?"

"नसेल. पण मी येईन की करून द्यायला."

"मग तूच बस की खुर्चीवर." आणि पडद्यासमोर सरकत, "मला समदं पहिल्यापासनं सांग."

मग मी सांगायला लागले आणि तो शिकायला लागला, आणि दोघांची भांडणं सुरू झाली. त्याला लिहून घेता येत नव्हतं, म्हणून तो कमांडी पाठ करायचा. गोठ्यात शेण काढताना, म्हशीला पेंड घालताना, ओठातल्या ओठात, "सीडी, तिरपी रेघ, मग नाव, मग एंटर." आईला वाटलं कुणी बाबानं मंत्र दिलाय. डाव्या हाताच्या एका बोटानं तो बटण हुडकायचा. ते बोट हवेत फिरत राहायचं आणि मी मागं उभी राहून दात खायची. शेवटी माझा हात पुढं जायचाच. "सरक, मी करते."

"थांब की जरा."

"अरे, समोर तर आहे एस!"

मशीन मधेच अडकायचं ते वेगळंच. रेघ लुकलुकायची थांबली की समजायचं, गेलं. मग कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट ही तीन बटणं एकदम दाबून धरायची, म्हणजे ते नव्यानं सुरू होतं. त्या कीबोर्डवर पहिली दोन डावीकडं आणि डिलीट पार उजव्या टोकाला. एका हाताचा पंजा पुरत नाही. दोन हातांचं काम. मशीन अडकलं की दादा डाव्या हातानं दोन बटणं दाबून धरायचा आणि माझ्याकडं न बघता थांबायचा. मी डिलीट दाबायची. एकदा मी म्हटलं, "दादा, अंगठा आहे की तुझा." त्यानं बटणं सोडली आणि उठून रानात निघून गेला. परत त्याबद्दल मी बोलले नाही. पण मनात धास्ती बसली, इंदापुरात अडकलं तर?

अशी खंडेनवमी उजाडली. दुसऱ्या दिवशी दसरा, छापखान्याचा मुहूर्त. मी सकाळी फाट्यावर फुलं आणायला गेले. परत आले तर माजघरात आईनं पूजा मांडलेली. आमच्याकडं सगळी हत्यारं पाटावर मांडतात. विळे, खुरपी, कुऱ्हाड, आबांचा पाना. मेंढरं कातरायची मोठी कातरसुद्धा. मेंढरं आजोबांच्या वेळी विकली, पण कातरीची पूजा चुकली नाही कधी. त्या ओळीत कातरीच्या पलीकडं दरवर्षी दादाचा ब्रश असायचा, गेल्या वर्षी तेवढी जागा मोकळी राहिली होती. ह्या वर्षी तिथं फ्लॉपी होती. छापखान्याची फ्लॉपी.

आताच्या पोरांना ती फ्लॉपी माहीत नसणार. तळहाताहून जरा मोठी, लवचिक, आणि तिच्या वेष्टनाला मधे एक लांबट खिडकी, तिच्यातून आतली तपकिरी चकती उघडी दिसते. त्या चकतीला बोटसुद्धा लावायचं नसतं. आणि आईनं नेमकं त्या खिडकीत, उघड्या चकतीवर, हळदीकुंकवाची ओली बोटं टेकवली होती. वर अक्षता.

मी जी ओरडले! "आई! अगं काय केलंस हे! वाटोळं केलंस दादाचं!"

आई घाबरली. "हत्याराला हळदकुकू लावलं. वंगाळ काय केलं?"

"ते हत्यार नाहीये! ही फ्लॉपी आत असल्याशिवाय प्रोग्रॅम उठत नाही, हिची नक्कल निघत नाही, आणि ही आपली पण नाही!" हे सगळं खरं होतं. प्रोग्रॅम मशीनमध्ये उतरवला तरी मूळ फ्लॉपी आत लागायचीच, विकणाऱ्यांनी चोरी होऊ नये म्हणून तशी सोय केलेली असायची. मी झडप घालून फ्लॉपी उचलायला गेले तर आईनं माझं मनगट धरलं.

"उचलू नगंस. पूजेला लावलेलं हत्यार आज हलवायचं न्हाय. उद्या उत्तरपूजा झाल्याबिगर न्हाय."

"उद्यापर्यंत कुंकू वाळून बसेल त्याच्यावर!"

"बसू दे. पन दादाच्या हत्याराचा अपमान मी हुऊ द्यायची न्हाय. एक वर्स त्याची जागा मोकळी गेली, तवा मला काय वाटलं ते तुला काय ठावं?"

मला रडू फुटलं. रागानं. कुणावर धड रागवावं तेही कळेना. मशीनवर रागवावं तर ते ऐकत नाही, वीज ऐकत नाही, आणि आई ऐकते पण बरोबर तिचंच असतं. मी पाटाशेजारी बसून हमसून हमसून रडले. आबा दारापर्यंत आले आणि आल्या पावली परत गेले.

दादा सगळं ऐकत ओसरीत उभा होता. आत येऊन, ओणवं होऊन त्यानं फ्लॉपीच्या खिडकीतल्या लाल ठिपक्यांकडं बघितलं आणि मला विचारलं, "ती चकती आतल्या आत फिरती का?"

मी नाक पुसत म्हटलं, "मधल्या भोकात बोट घालून फिरवली तर फिरते. सरांच्या एका फ्लॉपीवर चहा सांडला होता, त्यांनी पुसून चालवली होती. पण चरा पडला की संपलं."

दादा शिडी लावून माळ्यावर चढला. एका हातानं चढताना त्याला वेळ लागला. खाली आला तेव्हा तोंडात, दातांत धरलेला, त्याचा सगळ्यात मऊ ब्रश होता. पत्रिकेतल्या गणपतीच्या सोंडेला छटा द्यायचा तो. आईला म्हणाला, "हलवायचं न्हाय ना? न्हाय हलवत. हितंच बसतो."

आणि तो पाटासमोर मांडी घालून बसला. मी मधल्या भोकात बोट घालून चकती जराशी फिरवायची, मग तो डाव्या हातानं ब्रश टेकवायचा. कोरडं कुंकू आधी झटकलं. मग ओलसर. वाटीत साधं पाणी, मग जखमेला लावायचं स्पिरिट उरलं होतं ते. त्याचा डावा हात मी इतका हलका कधी बघितला नव्हता. मी मधेच म्हणायची, "तिकडं राहिलं, तिकडं." तो म्हणायचा, "दिसतंय मला." आई भिंतीला टेकून बघत होती. फ्लॉपी पाटावरून तसूभरही हलली नाही. शेवटी चकतीवर फिकट गुलाबी डाग तेवढा राहिला. आणि मग दादानं ब्रश पुसला आणि ठेवायला जागा शोधत असल्यासारखा तो कातरीशेजारी ठेवला. आईनं ब्रशला कुंकू लावलं.

चालेल का नाही, ते बघायची सोय नव्हती. आईचं म्हणणं मोडून त्या दिवशी ती उचलायची हिंमत मला झाली नाही. दसऱ्याला सकाळी उत्तरपूजा झाली तेव्हा वीज नव्हती. तशीच फ्लॉपी वहीच्या पुठ्ठ्यात घालून आम्ही इंदापूरची एसटी धरली. रस्ताभर मी त्याच्याकडून कमांडी म्हणून घेत होते. तो खिडकीबाहेर बघत म्हणत होता. उजवा हात खिशात.

छापखान्यात मशीनला झेंडूचा हार, पेढ्यांचा बॉक्स उघडा, मालक इस्त्रीचं धोतर नेसून उभे. खिळे जुळवणारे जुने दोन कंपोझिटर आणि पत्रिका छापायला आलेला एक नवऱ्या मुलाचा बाप. मालक म्हणाले, "हं, करा सुरू." काळा पडदा आला. कोपऱ्यात तीच रेघ.

दादा खुर्चीत बसला, मी मागं उभी. त्याचं बोट हवेत फिरायला लागलं. बॅड कमांड. कंपोझिटरांनी एकमेकांकडं बघितलं. दादानं पुन्हा पहिल्यापासून, ओठ हलवत, एकेक अक्षर टाकलं. कप्पा सापडला. फ्लॉपी घातली, नाव टाइप केलं, एंटर. ड्राइव्ह करकरायला लागला, जुना रहाट करतो तसा. मग पडद्यावर तो मेला प्रश्न, की वाचता येत नाही, सोडून देऊ, पुन्हा बघू का नापास करू? दादानं 'पुन्हा'चं बटण दाबलं. करकर. पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा दाबलं. आणि मग सगळंच थांबलं. करकर थांबली, रेघ लुकलुकायची थांबली. अडकलं.

मालकांनी घड्याळाकडं बघितलं. मुलाचा बाप म्हणाला, "नसंल तर नंतर येतो मी."

दादानं डाव्या हातानं दोन बटणं दाबून धरली. माझा हात आपोआप त्याच्या खांद्यावरून डिलीटकडं गेला.

"थांब," दादा म्हणाला. "माझं हाय ते."

आणि त्यानं खिशातला हात बाहेर काढला. सगळ्यांच्या समोर, दिवसाउजेडी. बोटं नसलेला तो पंजा कीबोर्डच्या उजव्या टोकाला गेला आणि अंगठा डिलीटवर बसला. मशीन एकदा टीक करून विझलं आणि नव्यानं सुरू झालं. कंपोझिटरांची मान खाली गेली. मालकांची नाही गेली. ते पडद्याकडं न बघता त्या अंगठ्याकडं बघत होते.

दादानं सगळं परत टाइप केलं. ह्या वेळी हात खिशात गेला नाही, कीबोर्डच्या कडेला तसाच टेकून राहिला. एंटर. ड्राइव्ह करकरला, थांबला, पुन्हा करकरला, आणि काळ्यावर मराठी अक्षरं उमटली. दादानं टाइप केलं, श्री. त्याच्या हातच्या 'श्री'पुढं ते अगदीच किरकोळ होतं. पण होतं.

मालकांनी मुलाच्या बापाला पेढा दिला आणि म्हणाले, "बसा, नाव सांगा नवरदेवाचं. पेंटर घेतोय लिहून." मग माझ्याकडं वळले, "ताई, तुमी जरा मागं सरा. त्याच्या डोक्यावर उभं राहू नगा."

मला मेला राग आला. इतके दिवस मीच घाम गाळला आणि मलाच मागं सर म्हणतात! मी बाहेर पायरीवर जाऊन बसले आणि पदरात तोंड घालून, पुन्हा एकदा, रडले.

परतीच्या एसटीत दोघांनाही बसायला जागा नव्हती. मी अजून फुगलेलीच होते. कंडक्टर गर्दीतून वाट काढत आला, तिकिटाचा चिमटा टकटक वाजवत पैसे मागायला लागला. पैसे मी दिले. दादानं डाव्या हातानं वरचा दांडा धरला होता. त्यानं उजवा हात पुढं केला, आणि कंडक्टरनं दोन तिकिटं फाडून त्याच्या अंगठ्याखाली ठेवली.